कुबो-सानांची माफी

फुकुओका, मंगळवार

प्रिय प्रमिशा,

तुझा निरोप शनिवारी आला आणि तीन दिवस मी गप्प बसलो. फोन करणार होतो. पण फोनवर माझं डोकं फिरलं की तू लगेच म्हणतेस, ‘खिम दाइ, आधी पाणी पी.’ दाइ म्हणे, थोरला भाऊ! गुल्मीच्या शाळेत तुझ्या मागच्या बाकावर बसायचो तेव्हा मी नुसता खिम होतो. तू जपानला निघालीस म्हणून मी बुटवलचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं, बाबांच्या दोन थोबाडीत खाल्ल्या आणि तुझ्या मागोमाग याच भाषाशाळेत नाव घातलं. पहिल्या दिवशी तू मला वर्गासमोर उभं केलंस आणि मोडक्या जपानीत सांगितलंस, हा माझा गावाकडचा भाऊ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, गाढवासारख्या.

शाळा आहे तशीच आहे. वीस मिनिटं उशीर झाला की हिरानो बाई अजून अख्ख्या तासाची गैरहजेरी लावतात. महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्यांच्या हजेरीचे टक्के अजून भिंतीवर लागतात. नवा कागद जुन्यावरच डकवतात, म्हणून कडेनं तुझी ओळ थोडी दिसते. अठ्ठ्याहत्तर. व्हिसा वाढवून मिळायला ऐंशी हवे होते. वर्गात पहिली येणारी मुलगी दोन टक्क्यांसाठी परत गेली, आणि दर आठवड्याला कांजी अक्षरांच्या चाचणीत आपटणारा मी इथेच आहे, त्र्याण्णव टक्क्यांवर. तुझ्या शेजारची खुर्ची मिळावी म्हणून सगळ्यांच्या आधी येऊन बसायचो ना, त्याचे ते टक्के.

जानेवारी तुला आठवत असेल. तू तापाने फणफणलेली आणि मी डब्यात मऊ भाताचं जाउलो घेऊन तुझ्या दारात. तू दार चार बोटं उघडलंस. म्हणालीस, ‘आत नको येऊस, तुलाही लागण होईल.’ त्याच फटीतून डॉक्टरांचा दाखला माझ्या हातात दिलास. म्हणालीस, ‘ऑफिसात दे, दाइ. हा जोडला तर हे दिवस गैरहजेरीत धरणार नाहीत. माझं सगळं यावरच आहे.’ मी हो म्हणालो. जिना उतरतो तर समोरून आपल्या वर्गातला क्वांग वर येत होता, हातात संत्र्यांची पिशवी. ‘काय रे, बहिणीला भेटून आलास?’ म्हणाला. वर तुझं दार उघडल्याचा आवाज आला. मग लागल्याचा. तो आतच राहिला.

त्या दिवशी क्वांगची वर्गपाळी होती, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. ज्याची पाळी, त्यानं आजारी माणसाचा गृहपाठ घरी पोचवायचा. संत्री हिरानो बाईंनी दिली होती. कळलं तेव्हा मला आणखीच राग आला. कुणावर, ते विचारू नकोस.

मार्चमध्ये दाखला शाळेकडे नाही असं निघालं, आणि तू माझ्याकडे वळलीस. मी म्हणालो, काउंटरवरच्या ट्रेमध्ये ठेवला होता. तू एक प्रश्न विचारला नाहीस. ऑफिसातल्या कुबो-सानांनी तीन दिवस सगळी कपाटं उपसली. चौथ्या दिवशी तो म्हातारा काउंटरबाहेर आला आणि तुझ्यापुढे कमरेत वाकून उभाच राहिला. आमच्या शाळेमुळे तुम्हाला एवढा त्रास झाला, माफ करा, म्हणाला. इथे माणसं असंच करतात, चूक कुणाचीही असो. आपण दोन वर्षं तेच शिकत होतो. पण शेवटी आपण गुल्मीचेच. आपल्याकडे ज्यानं केलं तोच वाकतो. तू जिन्यात रडत मला म्हणालीस, ‘बघितलंस? कबूल केलं त्यानं. त्यानंच हरवला.’ मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदा तू तो झटकला नाहीस.

दुसरा दाखला मागावा, तर डॉक्टर म्हातारे, दवाखाना कायमचा बंद करून लेकाकडे निघून गेलेले. विमानतळावर तू म्हणालीस, ‘या देशात माझं असं एकच माणूस आहे, तू.’

आणि आता तू लिहितेस, वृद्धांची देखभाल शिकवणाऱ्या कॉलेजानं पुढच्या एप्रिलची तुझी जागा धरून ठेवलीय. दाखला सापडला तर शाळा व्हिसासाठी पुन्हा अर्ज करेल, पण येत्या शुक्रवारपर्यंतच. नाहीतर दशैंच्या सणाआधी तुझे बाबा तुला पोखराच्या त्या ठेकेदाराच्या घरी देणार. ‘दाइ, त्या म्हाताऱ्याला पुन्हा एकदा शोधायला लाव ना.’ लावायची गरज नाही. तो अजूनही जेवणाच्या सुट्टीत जुन्या फायली काढून बसतो. मला बघितलं की खुर्चीतून उठून मान झुकवतो. मीही झुकवतो.

प्रमिशा, दाखला हरवलेला नाही. तो या पाकिटात आहे. माझ्या कांजीच्या वहीत होता, त्या दिवसापासून. दोन दिवस रडू दे, मग देऊ, असं ठरवलं होतं. मग तू माझ्याजवळ रडायला लागलीस. शाळा माझ्या खोलीपासून सायकलवर सात मिनिटं. उद्या सकाळी कुबो-सानांच्या हातात ठेवला तर शुक्रवारच्या आत सगळं जमेल, एवढं मला कळतं. पण ते विचारतील, कुठे होता. मला काढून टाकतील. नाही टाकलं, तरी तू इथे येशील, जिन्यात मला ओलांडून जाशील, आणि दाइसुद्धा म्हणणार नाहीस. म्हणून तुझा कागद तुझ्याकडेच पाठवतोय. पोस्टातली बाई विचारेल, लवकरचं की साधं. मी साधं सांगणार आहे. गुल्मीला तीन आठवडे लागतात.

तुझाच, आणि कुणाचाही भाऊ नसलेला,
खिम