भाजलेलं संत्रं आणि आईचा निरोप

नागपूर,
रविवार, १४ डिसेंबर १९७५

प्रिय बाबा,

फार दिवस तुम्हाला लिहिलं नाही, माफ करा. डायरी रोज लिहितो. पण तुमच्या नावानं पान उघडलं की पेन हवापाण्यापलीकडे सरकत नसे. आज मात्र हातांचा राखेचा वास न धुताच लिहायला बसलोय. बाबा, आज आईनं संत्रं खाल्लं!

थांबा, क्रमानं सांगतो.

रामटेकला अंबाळा तलावावर तुमचं सगळं क्रियाकर्म करून परत येताना एसटीतच आई म्हणाली होती, "त्याइच्या नावानं म्या संत्रा सोडला." गेलेल्या माणसासाठी आवडती वस्तू सोडायची रीत आहे, मान्य. पण नागपुरात राहून संत्रं? हातमागावर बसल्या बसल्या तुम्ही संत्रं सोलायचात आणि पहिली फोड तिच्या हातावर ठेवायचात. एवढी सवय कशाला लावलीत हो?

तेव्हापासून घरात कुणी संत्रं सोललं की ती उठून आत जायची. हळूहळू बाकीचं गोडही सुटलं. वाळत चालली होती, बाबा. आग्रह करावा की तिचा नेम तिला पाळू द्यावा? मला कधीच ठरवता आलं नाही.

आज तुमच्यामागे पहिल्यांदाच परसात गोवऱ्या रचून कणकेचे रोडगे भाजले. तुमच्या सूनबाईनं, सुमननं, वांग्याचं भरीत केलं. एक रोडगा आत कच्चा राहिला, तो मीच गुपचूप संपवला. जेवणं झाली तरी निखारे असे लालबुंद, की विझवायला जीव होईना! मनात आलं, यावर फळं का भाजू नयेत? केळी सालीसकट चिरून आत गूळ भरला, पेरू अर्धे केले, सगळं लोखंडी जाळीवर मांडलं. ते आईसाठी. आम्हा दोघांसाठी संत्री मधोमध कापून पालथी ठेवली.

तिथेच फसलो! रस ठिबकला, निखारे चर्रर्र झाले आणि राख उडून थेट माझ्या चष्म्यावर.

"अगागा!" आई ओट्यावरून ओरडली. "इतका शिकला, अन् संत्र्याच्या पाण्यानं आर विझवून राहिला! सुमन, पाय वं तुया नवऱ्याले!"

"लेक तर तुमचाच आहे न, आई!"

"लेक माहा. अक्कल कॉलेजची!"

किती दिवसांनी तिनं मला असं झोडपलं! सुमननं हसत हसत संत्री उताणी केली, साल खाली, कापलेली बाजू वर. वरून गूळ भुरभुरला. आता सालीचीच वाटी झाली आणि तिच्यात रस खदखदू लागला. साल करपायला लागली तसा काय वास सुटला, बाबा! शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावून गेल्या.

आई उठली. वाटलं, चालली आत. ती जाळीपाशी येऊन उकिडवी बसली. मी केळं पुढे केलं, ते तिनं बाजूला सारलं.

"काय गा वसंता, हा संत्राच व्हय न?"

"हो आई. संत्रंच."

"म्या सोडला तो गार व्हता," ती सुमनकडे बघत म्हणाली. "सोलून खाचा. हा तं चमच्यानं खा लागते."

आणि फुंकर घालून तिनं एक चमचा तोंडात घातला! मग दुसरा. मग साल खरवडून खरवडून.

"गूळ कमी टाकला," आई म्हणाली. रिकामी साल बाजूला ठेवली. मग म्हणे, "त्याइले लिहून कळव. म्हन, म्या खाल्ला. अन् चांगला लागला. राग येत असन तं येऊ दे."

तर बाबा, हा निरोप.

आता तुम्हीच सांगा, नेम मोडला का? मी स्वतःला दोनदा विचारलं, संत्री तिच्यासमोर मुद्दाम तर ठेवली नाहीस ना? नाही, खरंच नाही. पण ती उठून आली तेव्हा मी ती लपवलीही नाहीत. दोष असलाच तर माझ्या नावावर लिहा. आनंद मात्र असा झालाय की खुर्चीत बसवत नाही! केळी फार छान झाली होती. पेरूंचा मात्र कोळसा झाला, त्यांच्याकडे बघायला कुणाला भान होतं?

एक वचन देतो. "आता साधं संत्रंही खा" असं मी तिला कधीही म्हणणार नाही. तिचा नेम किती पाळायचा, हे तीच ठरवील. पण थंडी पडली की आपल्या परसात आर पेटेल, दर वर्षी.

तुमचा,
वसंता

उद्या: आईला भाजायची संत्री निवडायला बाजारात नेणे.