करंजावरचा पतंग

पनवेल,
२० ऑगस्ट १९५८

प्रिय दयाराम,

अनेक आशीर्वाद. मास्तरांनी काल पाठवलेली काड्यापेटी या पत्राबरोबरच तुझ्या संग्रहालयात पोचेल. आधी हे वाच, मग ती उघड. मी लिहिते आहे हे त्यांना ठाऊक नाही.

पेटीतला पतंग आमच्या परसातल्या करंजावरचा. अळीने पान दुमडून रेशमाने शिवलं होतं आणि आत बसून तेच पान ती खात होती. मास्तरांनी ते माझ्या पापडाच्या डब्यात ठेवलं. माझे डबे असेच जातात आणि लुगड्यांना डांबरगोळ्यांचा वास येतो, हे तू आमच्याकडे शिकायला होतास तेव्हापासून जाणतोस. पानातच कोष झाला आणि आठव्या दिवशी नखाएवढा पतंग बाहेर आला. राखी पंख, त्यांवर तपकिरी नागमोडी रेघा, कडेला पांढरी झालर. तुझ्या गावची ठमाबाई मासळी घेऊन आली होती. डोकावून म्हणाली, "बाई, असली पाखरां आमचे करंजावर लय हायेत. यात नवा काय नाय." मास्तर नुसते हसले.

आजवर त्यांनी मुंबईला किती पाखरं पाठवली आणि दर वेळी 'ही जात ओळखीची आहे' एवढंच उत्तर आलं, हे तुला सांगायला नको. आता डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हातही कापतात. म्हणून टाचणी लावायला मला हाक मारली. मी कुंकू लावत होते, तशीच उठले. एका बोटाने आधी एक पंख दाबून पसरला, मग दुसरा. त्यांनी भिंग धरलं. दोन्ही पंखांवर एकेक तांबडा ठिपका, अगदी सारखा. असा ठिपका कुठल्याच पुस्तकात नाही, म्हणाले. जात नवी निघाली तर तिला माझं नाव द्यायचं. बत्तीस वर्षं मला 'अगं' म्हणणाऱ्या माणसाने त्या दिवशी कसं शोभतं ते बघायला माझं नाव चारदा घेतलं. मला हसू आलं आणि रडूही आलं.

संध्याकाळी आरशासमोर बसले तेव्हा बोटाकडे लक्ष गेलं. कुंकवाखाली लावायच्या मेणाला चिकटलेलं सकाळचं कुंकू अजून तिथे होतं. तेवढाच ठिपका. तुझं भिंग चांगलं आहे, तुला क्षणात कळेल. त्यांना सांगायला मी तीनदा खाटेपाशी गेले आणि तीनदा नुसतं औषध पाजून परत आले. मला काही केल्या जमत नाही रे.

मास्तरांच्या पायांवरची सूज आता गुडघ्यांच्या वर चढली आहे. डॉक्टरांनी मला ओसरीवर बोलावून सांगितलं, दिवाळी धरू नका. पेटी कालच गेली, तरी मास्तर आज सकाळपासून पोस्टमनची चाहूल घेत होते. काही आलं नाही म्हटल्यावर म्हणाले, अभ्यासाला वेळ लागतोच. चेहरा प्रसन्न होता.

खोटं लिही असं मी म्हणणार नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलाला तसं सांगायची माझी हिंमत नाही. जे आहे तेच लिही, पण आत्ता नको. माझ्या कपाळावर कुंकू आहे तोवर उत्तर पाठवू नकोस. ते पुसलं की पाठव. मी वाचीन.

तुझीच,
सत्यवतीकाकू