सहा मेचं तिकीट

जुन्नर,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय इंदू,

तुला, जावईबापूंना आणि छोट्या रत्नाला गोकुळदादाचा आशीर्वाद. आम्ही इकडे सगळे बरे आहोत, तुम्हीही असाल. थंडी सुरू झाली आहे. गावाकडं आण्याच्या पठारावर तर सकाळी हात चोळत बसावं लागतं. कांद्याची लागण चालू आहे, बायामाणसं मिळत नाहीत. काकूंनी खिलारी गाय बेल्ह्याच्या बाजारात विकली, हे त्यांनी तुला सांगितलं असेलच. आता गोठा झाडायचा नाही म्हणून त्या दिवसभर ओट्यावर बसून असतात. माझं दुकान एस.टी. स्टँडजवळच आहे, फक्त बाजूचा गाळाही घेतला. सातबारा, पॅन कार्ड, परीक्षेचे फॉर्म, रेल्वेचं रिझर्वेशन, सगळं चालू आहे.

फोनवरही लिहिता आलं असतं. पण तिथं तू वाचलंस की लगेच खूण दिसते, आणि मग मी उत्तराची वाट बघत बसलो असतो. वाट बघायचा मला हक्क नाही. म्हणून कागद घेतला.

गेल्या आठवड्यात तात्यांच्या वर्षश्राद्धाचं बोलणं निघालं तेव्हा काकू म्हणाल्या, "इंदू वर्षश्राद्धाला येणार न्हाई. म्हनली, दहाव्याला आले, झालं." मी "रजा मिळत नसेल" असं काहीतरी बोललो. पण तुझ्या न येण्याचं कारण रजा नाही, हे मला माहीत आहे. दहाव्यानंतर मी तुला पुण्याला विमानतळावर सोडायला आलो, तेव्हा आळेफाट्याच्या पुढे तू बोलली होतीस. "दादा, गेणभाऊंचे फोटो माझ्यापर्यंत आले होते. तात्या ट्यूलिपच्या शेतात उभे होते. माझ्या घरापासून दोन तासांवर. परक्या देशात येऊन माणूस दोन तासांवरून परत जातो, तेव्हा त्याला लेक नसतेच." मी गाडी चालवत होतो. नारायणगाव गेलं, मंचर गेलं, खेड गेलं. मी समोर रस्ता बघत राहिलो.

त्या दोन तासांची गोष्ट मला माहीत होती, इंदू. ती आता सांगतो. नीट वाच.

मार्च चोवीसमध्ये तात्या शेजारच्या गेणभाऊंच्या मोटारसायकलवर बसून दुकानात आले. शेतकऱ्यांचा अभ्यास दौरा हॉलंडला निघाला होता आणि गेणभाऊंबरोबर तात्यांनीही नाव दिलं होतं. एकाहत्तराव्या वर्षी त्यांना फुलशेती शिकायची नव्हती. गेणभाऊ चहा सांगायला बाहेर गेले तेव्हा त्यांनी बंडीच्या खिशातून एक कागद काढला. तू काकूंना चॉकलेटचं पार्सल पाठवलं होतंस, त्याच्या खोक्यावरचा पत्ता त्यांनी कापून आणला होता.

"ह्या गावाला रेल्वे जाती का बघ."

मी नकाशा उघडला. ड्युसेलडॉर्फ, जर्मनी. त्यांचा मुक्काम हॉलंडात उट्रेख्तच्या जवळ होता. थेट गाडी, दोन तासांच्या आत.

"मंग सहा मेला आमाला मोकळा दिस हाय. सकाळी जायाचं, सांजच्याला माघारी. जायाचं-यायाचं तिकीट काढ."

"तात्या, इंदूला फोन करू का? ती स्वतःच काढून पाठवील."

"न्हाई. तिला सांगायचं न्हाई. ती नगं म्हनली तर मी विमानातच बसायचा न्हाई."

मग कागदाकडे बघत म्हणाले, "पोरीचं नाव रत्ना ठिवलंय म्हनं." आपल्या आजीचं नाव. मला तेव्हा कळलं की हे एवढं सगळं कशावरून निघालं. तुझ्या लग्नाच्या वेळी "मला लेक न्हाई" असं फोनवर म्हणणारा माणूस, त्यानंतर सहा वर्षं ह्या विषयावर तोंड न उघडणारा माणूस, आपल्या आईच्या नावापाशी येऊन वितळला होता.

तिकीट काढणं सोपं नव्हतं. मी वीस वर्षं हेच काम करतो, पण बाहेरच्या देशाच्या रेल्वेचं इथून तिकीट काढायची ती पहिलीच वेळ. पहिल्या वेबसाइटवर अर्धी पानं जर्मनमध्ये. गावाच्या नावात यूच्या डोक्यावर दोन टिंबं, ती कीबोर्डवर सापडेनात. तात्यांच्या पासपोर्टवर नाव आणि बापाचं नाव एकत्र, तिथं मात्र रकाने दोनच. फोन नंबरचा रकाना आपला दहा आकडी नंबर घेईना, पुढे ९१ लावल्यावर घेतला. हे सगळं पार करून शेवटी पैसे भरायला गेलो की पान अडकायचं. तात्यांचं कार्ड देशातच चालणारं होतं. माझं कार्ड परदेशी व्यवहारासाठी सुरू करून घेतलं, तरी ओटीपी यायच्या आत पानाची वेळ संपायची.

तात्या तीन वेळा आण्यावरून आले. शेजारच्या खुर्चीत टोपी मांडीवर ठेवून बसायचे आणि स्क्रीनकडे असे बघायचे, जसं डॉक्टर एक्स-रे वर धरून बघतो तेव्हा नातेवाईक बघतात. दुसऱ्या खेपेला म्हणाले, "स्टेशनापासून घर किती लांब?" मी सांगितलं, ट्रामनं चौदा मिनिटं. ते म्हणाले, "मंग चालतच जाईन. तेवढाच इचार करायला येळ." मग म्हणाले, "तिनं दार उघडलं न्हाई तर पायरीवर बसंन. गाडी सांजचीच हाय."

तिसऱ्या खेपेला मला एक दुसरी वेबसाइट सापडली. सगळ्या देशांच्या रेल्वेची तिकिटं एकाच ठिकाणी विकणारी. सगळं इंग्रजीत, आणि आपलं कार्ड चालत होतं. तारीख हातानं टाकायची होती. मी सहा मे म्हणून ०६/०५ टाकलं. पैसे गेले, तिकीट आलं. दुकानातल्या चार माणसांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी म्हणालं, "गोकुळशेटच्या हातून काम झालं न्हाई असं व्हायचं न्हाई." तात्यांनी तिकिटाची घडी पासपोर्टात ठेवली आणि सगळ्यांसाठी भेळ सांगितली.

सहा मेला दुपारी एक वाजता तात्यांचा फोन आला. तिकडे सकाळचे साडेनऊ. ते एकटे उट्रेख्तच्या स्टेशनवर होते. दौऱ्याच्या मॅनेजरनं त्यांना दारापर्यंत सोडलं होतं आणि बाकीचे बसमधून पुढे गेले होते.

"गोकुळ, हितं गेट उघडंना. हितली बाई तिकिटावर बोट ठिवून दाखवती. आज सहा तारीख हाय ना? हितं पाच लिवलंय. एक दिस चुकला का रं?"

मी कॉम्प्युटरवर तिकीट उघडलं. 05.06.2024. ती वेबसाइट अमेरिकी पद्धतीची होती, महिना आधी आणि दिवस नंतर. माझा सहा मे त्यांनी पाच जून धरला होता. त्यांच्या ईमेलमध्ये 06/05 होतं म्हणून मी निर्धास्त राहिलो. तिकिटावर मात्र आपल्यासारखा दिवस आधी आणि महिना नंतर, पाच जून असं स्पष्ट होतं. महिनाभर ते तिकीट माझ्याकडे होतं आणि मी एकदाही उघडून वाचलं नव्हतं.

काय करायला हवं ते मला ठाऊक होतं. पाच मिनिटांत दुसरं तिकीट निघालं असतं. तीच वेबसाइट, तेच कार्ड, सगळी माहिती आधीच भरलेली. पण दुकानात पाचसहा लोक होते. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण तात्यांचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. कुणीतरी विचारलं, "काय झालं, तिकीट चुकलं काय?"

आणि मी फोनमध्ये म्हणालो, "तात्या, तिकीट बरोबर आहे. आज तिकडं रेल्वेचा संप आहे. गाड्याच बंद आहेत. म्हणून गेट उघडत नाही."

 त्यांच्या मागून एक गाडी स्टेशनात शिरल्याचा मोठा आवाज आला. तो मलाही ऐकू आला.

"बरं," ते म्हणाले. "मंग आता?"

"मॅनेजरला फोन लावा, तो घेऊन जाईल. पुन्हा कधीतरी जाऊ."

"बरं." मग म्हणाले, "तुजं जेवण झालं का?"

मी झालं म्हणालो. फोन ठेवला आणि लोकांना सांगितलं, संप आहे म्हणे. लोक हळहळले. मी पुढचा फॉर्म भरायला घेतला. त्या दिवशी दर दोन तासांनी तुझ्या गावाला गाडी होती. संध्याकाळी दुकान बंद करताना मी वेळापत्रक काढून पाहिलं.

पुढं तुला माहीत आहे. जानेवारीत तात्या कांद्याला पाणी देताना बांधावर बसले ते उठले नाहीत. दहाव्याला तू माझ्याशेजारी उभी होतीस. मी बोललो नाही. गाडीत बोललो नाही. त्यानंतर दहा महिने बोललो नाही. आज लिहितो आहे ते मोठेपणानं नाही. तू बापाच्या वर्षश्राद्धाला येत नाहीस आणि त्याचं कारण मी आहे, हे सहन होईना म्हणून लिहितो आहे.

हे पत्र तुला मिळण्याआधी काकूंना सांगणं भाग आहे. तुझ्या फोनवरून त्यांना कळू नये. उद्या आण्याला जातो. पत्र तोवर ठेवतो.


मंगळवार, १८ नोव्हेंबर

काल जाऊन आलो. काकू ओट्यावर लसूण सोलत होत्या. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच. त्यांनी लसूण खाली ठेवला नाही.

मग म्हणाल्या, "मला ठावं हाय."

मला वाटलं, त्यांनी नीट ऐकलं नाही.

"त्यांनी आल्या आल्या सांगितलं व्हतं. म्हनले, गोकुळ म्हनला गाड्या बंद. आन् माझ्या डोळ्याम्होरनं गाड्या जात व्हत्या, येत व्हत्या. लोकं चढत व्हती. म्या म्हनलं, मग इचारलं का न्हाई त्याला? तर म्हनले, दुकानात चार लोकं असत्याल. त्याला खाली बघाया लागलं असतं."

मी खालीच बघत होतो.

"तीन तास बसले व्हते तिथं. कुनाकुनाला पत्त्याचा कागद दाखवला. येक पोरगी हात धरून मशिनीपशी घेऊन गेली, पर ह्यांचं कार्ड त्या मशिनीत चालंना. मग मॅनेजर आला."

तीन तास, इंदू. हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, माझं ऐकून ते लगेच माघारी फिरले असतील. गेणभाऊंचा ट्यूलिपच्या शेतातला फोटो त्याच दिवशी दुपारचा आहे. मॅनेजरनं त्यांना स्टेशनवरून थेट तिथं नेलं होतं. सगळ्यांबरोबर उभं केलं आणि फोटो काढला. तो फोटो तू पाहिलास.

मी काकूंना विचारलं, "मग तुम्ही इंदूला का नाही सांगितलं?"

"आदी त्यांनी सांगू दिलं न्हाई. म्हनले, म्होरच्या मे मंदी परत जायाचं, तवा तिच्या दारातच दिसायचं. ते गेल्यावर म्या म्हनलं, गोकुळ सांगंल. त्याची चूक, त्यानं सांगावी. दहाव्याला वाट बघितली. तू तिला गाडीत घालून नेली तवा तर वाटलं, आता सांगंल. चार तास व्हते तुज्यापशी." मग माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघून म्हणाल्या, "तुज्या चुलत्यानं तुला झाकलं, म्हनून म्या बी झाकलं. पर माझी पोरगी गेली त्यात."

एवढं बोलून त्या आत गेल्या. चहा केला, माझ्यासमोर ठेवला. पुन्हा लसूण सोलायला बसल्या. फाटकापर्यंतही आल्या नाहीत. आजपर्यंत त्या घरातून मला कुणी असं पाठवलं नव्हतं.

माफी मागत नाही. ती ज्यांच्याकडे मागायची, त्यांनी न मागताच दिली होती, आणि तीच आता जास्त बोचते. तू मला लिही किंवा लिहू नकोस, तुझ्या मनाला येईल ते कर. वर्षश्राद्ध नऊ जानेवारीला आहे. तू येणार असशील तर मी त्या दिवशी आण्याला पाऊल टाकणार नाही. विमानतळावरून आणायला गेणभाऊ येतील, मी त्यांना सांगून ठेवलं आहे. त्यांनाही सगळं खरं सांगितलं. काल दुकानातही सांगितलं, जे त्या दिवशी होते त्यांना.

तू यावंस. माझ्या सांगण्यावरून नको. काकू ओट्यावर एकट्या बसतात म्हणून ये. रत्नालाही आण. तिच्या नावासाठी तात्या तिथपर्यंत आले होते, हे तिला कधीतरी तूच सांग.

त्यांना लेक होती, इंदू. तीन तास ते तुझ्याच पत्त्याचा कागद हातात घेऊन बसले होते.

राखी बांधून घेण्याची लायकी न उरलेला,
गोकुळ