पूर्णविरामानंतर दोन स्पेस

३ जानेवारी २०१८
"शकुन, पूर्णविरामानंतर दोनदा स्पेस मार. वाचणाऱ्याले दम खाऊ दे." बाबांचं हे वाक्य १९८६ सालचं. नत्थुजी टायपिंग इन्स्टिट्यूट, दर्यापूर, याच वाक्यावर उभं आहे. सध्या विद्यार्थी तीन. यंदा कपाशी बोंडअळीनं खाल्ली, टायपिंगची फी कोण भरणार? पण दर्जा सोडायचा नाही. नव्या वर्षाचा संकल्प: रोज डायरी.

६ जानेवारी
(मधले दोन दिवस विचारात गेले.) समोरचे रऊफभाई आले. फवारणीचे पंप दुरुस्त करतात. मुलगी मिस्बाह बंगळूरच्या कॉलेजात अर्ज करते आहे. सोबत इंग्रजी निबंध, स्कॉलरशिप त्यावरच. म्हणाले, "बाई, पोरगी हुशार हाय, पन एकडाव तुमच्या हाताखालून जाऊ द्या. स्कॉलरशिप नाई भेटली तं जानं नाई." योग्य माणसाकडे आले. मुदत १५ तारीख.

८ जानेवारी
निबंध वाचला. फवारणीवाल्याचा सदरा कुठे ओला आहे ते पाहून अब्बू पंपाचा कोणता वायसर गेला ते सांगतात, असं काहीबाही. शेवट असा: मला जन्मभर गळके पंप दुरुस्त करायचे नाहीत. मला न गळणारा एक पंप बनवायचा आहे. वाचताना डोळ्यांत पाणी आलं. खोलीत धूळ फार आहे, झाडून घ्यायला हवं.
पण मांडणी! दोन वाक्यांमध्ये एकच स्पेस. परिच्छेद थेट कडेला चिकटलेले. असा निबंध बंगळूरला कोण वाचणार? वेळेवर माझ्याकडे आला.

१० जानेवारी
मिस्बाहचा वाद. "मॅडम, दोन स्पेस आता कोनीच देत नाई. नेटवर पाहा." सांगितलं, नेट नव्हतं तेव्हापासून मी देते. मग म्हणे, "फॉर्मात अडीच हजार अक्षरांचं लिमिट हाय. माह्या निबंधात पाचच शिल्लक हायत." मी समजावलं: स्पेस म्हणजे रिकामी जागा. रिकामी जागा कोण मोजतं? हसली. "तुमी आमच्या अब्बूवानीच हा. ऐकतच नाई."
कौतुक म्हणून लिहून ठेवते.

१४ जानेवारी, दुपारी ४
मिस्बाह आईला, जहाँआराला, घेऊन डोळे दाखवायला अकोल्याला गेली. जाताना बजावलं, "नुसतं पेस्ट करून पाठवा, मॅडम. काई बदलू नका." बदललं नाही. एक अक्षरही नाही. फक्त पंचेचाळीस पूर्णविरामांनंतर एकेक स्पेस वाढवली आणि सात परिच्छेदांच्या सुरुवातीला पाच-पाच दिल्या. सबमिट. बाबांच्या फोटोपुढे तीळगूळ ठेवला.
संकल्प: तिला प्रवेश मिळाला की बाहेर बोर्ड. 'बंगळूर ॲडमिशन मार्गदर्शन.' खाली बारीक अक्षरात टायपिंग.

१६ जानेवारी
मिस्बाह प्रिंट न्यायला आली. निबंध संपतो तो असा: "आय डू नॉट वाँट". पुढे काही नाही. पूर्णविरामसुद्धा नाही.
आधी वेबसाइटला नावं ठेवली. मग लाइन गेली होती म्हटलं. मग प्रिंटरचं कार्ट्रिज काढून हलवलं. मिस्बाह पडद्यावर बोट ठेवून एकेक जागा मोजत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "ऐंशी भरल्या, मॅडम. रिकामी जागा बी मोजतेत ते. पंच्याहत्तर कटले."
दारात थांबली. "अब्बूले मी सांगत नाई. तुमीच सांगा."

१७ जानेवारी, सकाळ
रात्री कारणं काढली होती. चार. मागच्या पानावर आहेत, खोडली.
रऊफभाईंना सांगितलं. ते पंप उघडून बसले होते. हातातला वायसर वर धरला. मग म्हणाले, "बाई, म्या बी वायसर बसवतो. पन पह्यले पंपाचं माप पायतो." आणि आतून चहा मागवला. तो प्यावा लागला.

१७ जानेवारी, दुपार
कॉलेजच्या साइटवर ठळक लिहिलं आहे: सबमिट केलेल्या अर्जात कोणताही बदल होणार नाही. फोनवरच्या मुलीनंही तेच वाचून दाखवलं, दोनदा. तरी मेल लिहिला. बाबांच्या फोटोकडे पाठ करून बसले आणि प्रत्येक पूर्णविरामानंतर एकच स्पेस दिली. अंगठा दर वेळी दुसरीसाठी उठत होता.
मजकूर इथे उतरवते:
महोदय, मिस्बाहचा निबंध मी टाइप केला. तिनं मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तिनं लिहिलेली शेवटची दोन वाक्यं खाली आहेत. ती माझ्या स्पेसमुळे कापली गेली. तुमचा नियम मी वाचला आहे. तरीही ती दोन वाक्यं तिच्या निबंधाला जोडून घ्यावीत, ही विनंती.