न प्यायलेली कॉफी

करक, १२ नोव्हेंबर

प्रिय फव्वाझ,

सलाम आणि आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. आईचे गुडघे तेवढे दुखतात. तुझी कबुतरं मजेत आहेत; पांढरीने पिल्लं काढली.

राजा गेल्याचे चाळीस दिवस परवा संपले. नव्या राजाने कैद्यांना माफी दिल्यापासून गावात रोज कोणी ना कोणी घरी येतंय. ईद असल्यासारखा घरोघरी मटण-भाताचा मनसफ शिजतोय. तो बकरीचोर दीबसुद्धा सुटला! त्याची आई म्हणते, "जिवंतपणी नाही, पण मेल्यावर तरी राजा आमच्या उपयोगी पडला."

तुझंच घोडं कुठे अडलं, विचारतोस. यादीत नाव होतं. पण मारणाऱ्याला सोडायचं तर मेलेल्याच्या वारसांची सही लागते, हे तुलाही ठाऊक आहे. "ताई, सासऱ्याला जरा लोणी लाव, म्हातारा तुझं ऐकतो," असं लिहिलंस. लावायची गरजच पडली नाही.

गुरुवारी आपले मामा वीस माणसं घेऊन आले. रिवाजाप्रमाणे पुढ्यात कॉफी ठेवली, कोणी ओठाला लावली नाही. मामा सासऱ्यांना म्हणाले, "अबू आयेद, पोरगा चुकला. माफीचा शब्द द्या, मगच पिऊ."

सासऱ्यांनी कॉफीची किटली खाली ठेवली. मग म्हणाले, "मी थकलो रे बाबांनो. माझी ना नाही. पण आयेदची बायकोही वारस आहे. तिला विचारा."

मामा हसले. "नोफाला काय विचारायचं? सख्खी बहीण आहे त्याची!"

चार वर्षांपूर्वीही तुम्ही हेच गृहीत धरलं होतं. ऑलिव्हच्या बांधावरून भांडून तू माझ्या नवऱ्याला पहारीने मारलंस. तिसऱ्या दिवशी तो गेला. आणि आईने मला कोर्टात सांगायला लावलं, की तो आधी दगडावर पडला. मी सांगितलं. म्हणून तू फासावर गेला नाहीस.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. कबुतरांची चौकशी चार वेळा आहे. आयेदचं नाव एकदाही नाही.

मी बाहेर आले आणि एकेक पेला उचलून अंगणात ओतला. मामा ओरडले, "अगं, रक्ताची तरी लाज धर!"

"कोणाच्या रक्ताची, मामा?" मी विचारलं.

तुझी अजून अकरा वर्षं आहेत. आई रोज दारात बसते, पुढच्या माफीची वाट बघत. तिला सांगितलंय मी, नवा राजा तरुण आहे आणि तब्येतीने ठणठणीत आहे.

कबुतरांची खुशाली दर ईदला कळवेन.

आयेदची बायको,
नोफा