यंत्रांचा आकडा दोनशेवर

अमरावती,
रविवार, ४ जून १९६१

चि. शकुनला आबाचा जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

तुझं पत्र परवा पोचलं. मॅट्रिकला पहिला वर्ग मिळाला हे मी वाचनालयात सर्वांना मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा. दुसऱ्यांदा कोणी मागितलं नव्हतं. माझी तब्येत बरी आहे. खोकला आहे, पण तो जुनाच आहे. तुमच्याकडे पाणी उकळून पितात की नाही हे मी दोन पत्रांत विचारलं, तू एकदाही कळवलं नाहीस. तुझ्या आईला सांग, अकोल्याचं ऊन साधं नाही, डोक्यावर पदर घेतल्याशिवाय बाहेर पडू नको.

तुझी मैत्रीण विचारते की तुझ्या आबाचा यंत्रांचा आकडा ही काय भानगड आहे. तिला नीट सांग, नाहीतर तिला सट्टा वाटेल. मी जन्मात एक शेअर घेतला नाही. मुंबईच्या बाजारात कंपन्यांच्या शेअरचे भाव ठरतात आणि ते पेपरात येतात, एवढंच. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन परतलो, त्याच्या पुढच्या शनिवारी मी आणि मोरोपंत मास्तर वाचनालयात बसलो होतो. मी म्हटलं, "मास्तर, कापसाचा भाव सारं गाव सांगते. यंत्राईचा भाव कोणीच सांगत नाही." मास्तर रिटायर झालेले, त्यांना काम हवंच होतं. त्यांनी यंत्रांच्या आठ कंपन्या निवडल्या. पंपवाली, मोटारवाली, तारवाली, बॅटरीवाली, अशी आम्ही त्यांना नावं ठेवली. आठांच्या भावांची बेरीज आली तीनशे वीस रुपये. मास्तर म्हणाले, "ह्याला आपण शंभर धरू. बेरीज वाढली की आकडा वाढेल, घटली की घटेल." तेव्हापासून दर शनिवारी वाचनालयाच्या दारातल्या पाटीवर खडूनं आकडा लिहितो.

सत्तावन्न साली तो एकाहत्तरवर आला तेव्हा कापसाचे दलाल हेमचंद्रजी येता-जाता विचारायचे, "काहून देवमन, तुया यंत्राईले आज ताप हाय का?" मग बॉयलरवाली कंपनी बंद पडली. तिच्या जागी मास्तरांनी रेडिओवाली घेतली, मला पंखेवाली हवी होती, म्हणून आम्ही आठ दिवस एकमेकांशी बोललो नाही. मागच्या दिवाळीत आकडा दीडशेच्या वर गेला, तेव्हा तेच हेमचंद्रजी पाटीपुढे उभे राहून आकडा वहीत उतरवून घेत होते.

आता जे लिहायचं ते लिहितो. तुला पॉलिटेक्निकला जाऊन विजेचं शिकायचं आहे. तुझे बाबा म्हणतात, मुलीनं मास्तरकीचं शिक्षण घ्यावं, पण आबा म्हणतील तसं करू. आणि मी दिवाळीत बोलून बसलो की आकडा दोनशेला लागला की मी तुझ्या बाबांना, धर्मपालरावांना सांगेन, हिला पाठवा.

मागच्या शनिवारी आकडा एकशे अठ्ठ्याण्णव होता. काल तो एकशे चौऱ्याहत्तर झाला. मोटारवाली एकदम दीडशे रुपयांवरून पंचाहत्तरवर आली. यंत्रांचे दिवस फिरले असं दिसतं. तेव्हा बाई, तू मास्तरकीचा फॉर्म भर. मास्तरकी वाईट नाही. पंख्याखाली बसायला मिळतं.

पाण्याचं कळव.

तुझा आबा,
देवमन

अमरावती,
गुरुवार, २२ जून १९६१, दुपार

चि. शकुन,

जयभीम. तुझं पत्र नाही आलं. आलं नाही ते बरोबरच आहे. तू रागावली आहेस आणि तुझ्या आईनं, मनकर्णेनं लिहिलं की तू मास्तरकीचा फॉर्म आणला आहेस पण कोराच ठेवला आहेस. तो कोराच राहू दे. कृपा करून त्यावर एक अक्षर लिहू नकोस.

मोरोपंत मास्तर पुतणीच्या लग्नासाठी चांदूर बाजारला गेले होते, ते तीन आठवड्यांनी काल आले. चहासुद्धा न घेता पाटीपुढे उभे राहिले. पाटीवर एकशे अठ्ठ्याहत्तर. "हे काय?" म्हणाले. मी म्हटलं, मोटारवाली पडली. त्यांनी जुने पेपर काढले, चष्मा पुसला आणि मोठमोठ्यानं हसायला लागले. वाचनालयात हसायची बंदी आहे, ती पाटीही त्यांनीच लावलेली.

"अहो देवमनराव, मोटारवालीनं बोनस दिला! ज्याच्याकडे एक शेअर होता त्याला आणखी एक फुकट दिला. एका गाडीतला कापूस दोन गाड्यांत भरला, आणि तुम्ही एकच गाडी मोजून ओरडताय, कापूस निम्मा झाला! ही बघा, भावापुढे चांदणी छापली आहे. खाली खुलासा आहे."

मग त्यांनी मोटारवालीचा भाव दुप्पट धरून बेरीज केली. सहाशे शेहेचाळीस. आकडा दोनशे दोन.

शकुन, दोनशे दोन!

हेमचंद्रजी तिथंच होते. म्हणाले, "बुढ्यानं तीन हप्ते आमाले रडवलं! मी तं मोटारपंप घ्याचा थांबलो ना बे!" आणि रागारागातच त्यांनी सगळ्यांना दह्यातले गिलावडे मागवले. मास्तरांनी लग्नाचे लाडू आणले होते, तेही संपले. बुधाजी शिपायानं पाटी ओल्या फडक्यानं धुतली, मास्तरांनी मला खडू दिला आणि मी लिहिलं. शेवटचा दोन वाकडा आला आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला इतका आनंद झाला आणि इतकी लाज वाटली की मी मागच्या बाकावर जाऊन बसलो.

लाज कशाची ते मास्तरांना काल सांगितलं. तुला आज सांगतो.

चांदणी मी पाहिली होती. तीन जूनलाच पाहिली होती. एकोणसाठ साली बॅटरीवालीनं असाच बोनस दिला होता आणि दुप्पट धरून बेरीज करायचं तेव्हाच मास्तरांनी मला शिकवलं होतं. मला माहीत होतं. तरी मी चांदणीवर अंगठा ठेवला आणि पंचाहत्तर लिहिले.

तू लहान असताना मी तुला गोष्टी सांगायचो की कापसाच्या जिनातलं इंजिन मी चालवायचो. तू सगळ्या गल्लीला सांगत फिरायचीस. शकुन, मी इंजिन कधी चालवलं नाही. एकतीस वर्षं मी त्याला तेल घातलं. वाफ सोडायचं जे पितळी चाक होतं त्याला हात लावायची मला मनाई होती. नवा असताना एकदा माझा हात लागला, तर फोरमननं ते चाक पाण्यानं धुवून घेतलं. मला कामावरून काढलं नाही, एवढी मेहरबानी केली. कोणतं बेअरिंग कोरडं पडलं हे मला आवाजावरून कळायचं. मी सांगायचो, फोरमन उठून बघायचा, आणि मालकासमोर म्हणायचा की त्याला कळलं. यंत्रावर माझं फार मन होतं. हात लावता आला नाही, म्हणून त्याचे भाव लिहीत बसलो असेन, कोण जाणे.

तू विजेचं शिकायचं म्हणालीस तेव्हा सगळे म्हणाले, यंत्रात नातीची बोटं जातील म्हणून म्हातारा भितो. मी बोटांसाठी भीत नव्हतो. मला वाटलं, तुलाही कोणीतरी तेलाचा डबा देईल आणि म्हणेल, तिकडे उभी राहा. ती चांदणी दिसली तेव्हा मला बरं वाटलं. आकडाच पडला, मी काय करू, असं म्हणायची सोय झाली.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "देवमनराव, भिऊन चुकलात. चला, छत्री घ्या. घरी बसून भीत बसण्यापेक्षा तिथं जाऊन बघू."

आज सकाळी आम्ही पॉलिटेक्निकवर गेलो. मी वाटेत तीनदा म्हटलं की आज बंद असेल. उघडं होतं. कारकुनानं विचारलं, मुलाचं नाव काय? मी म्हटलं, मुलगी आहे. तो वर न बघताच म्हणाला, "बरं. अचलपूरची एक भरून गेली. तुमची दुसरी." एवढंच! मी घरून दहा उत्तरं तयार करून नेली होती, सगळी वाया गेली.

मागच्या बाजूला कारखान्यासारखी मोठी खोली आहे. टेबला-टेबलांवर विजेच्या मोटारी उघडून ठेवलेल्या. तांब्याच्या तारा नव्या कोऱ्या, नुसतं बघत राहावं. दारात एक शिपाई विडी ओढत होता. मी त्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "भाऊ, इथं पोराईले मशीनले हात लावू देतेत का? का नुसतं उभं करतेत?"

तो म्हणाला, "बाबाजी, हात नाई लावला तं नापास करतेत!"

मी त्याला पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. मास्तर म्हणाले, देवमनराव, आता पुरे, त्याची विडी विझली. मी हसलो की रडलो ते मला सांगता येत नाही, पण शिपायानं मला बसायला स्टूल दिलं.

फॉर्म माझ्याजवळ आहे. परवा शनिवारी शेवटची तारीख. त्यावर तुझी आणि तुझ्या बाबांची सही लागते, पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून मी उद्या सकाळच्या पहिल्या मोटारीनं स्वतः अकोल्याला येतो आणि संध्याकाळच्या मोटारीनं परत फिरतो. तुझा मार्कांचा कागद आल्यावर मागून घेईन. दौत भरून बरोबर घेतो आहे. मोटार पंक्चर झाली तर दुसरी मिळावी म्हणून मी पहिलीनं निघतो आहे. धर्मपालरावांशी मी बोलेन. ते नाही म्हणणार नाहीत, आणि म्हणाले तरी मी सही घेतल्याशिवाय उठणार नाही. माझ्यासाठी वेगळी भाजी करू नको, असं तुझ्या आईला आल्या-आल्या सांगेन.

उद्या मी तुझ्यासमोर बसेन तेव्हा फक्त दोनशे दोनचं बोलेन, लाडवांचं बोलेन, पाण्याचं विचारेन. बाकीचं माझ्या तोंडून निघणार नाही, ते मला माहीत आहे. म्हणून हे पत्र आत्ताच पेटीत टाकतो. एकदा टाकलं की मला परत घेता येणार नाही. तुला ते मिळेल तेव्हा मी तुझा फॉर्म देऊन कचेरीच्या पायरीवर बसलेला असेन. मग वाच, आणि वाटलं तर आईलाही वाचून दाखव.

शकुन, पहिल्या दिवशी ते सांगतील त्या यंत्रावर हात ठेव. दोन्ही ठेव.

जिनातला तेलवाला,
तुझा आबा