वारा ईशान्येचाच

आश्विन व. ५, शुक्रवार. अमरावती.
आज पुन्हा तेच. शेजारच्या काकू हळद मागायला आल्या, तर आईनं त्यांना चुलीपाशी बसवून विष्णूचं पुराण लावलं. "माझा विष्णू समुद्राकाठी, त्याच्या तारेच्या ठाण्यावर गोऱ्यांची जहाजं लागतात, वऱ्हाडचा कापूस गोदावरीतून थेट बंदरावर न्यायचा बेत चाललाय तो सगळा विष्णूच्या तारेवर." काकूंनी विचारलं, "आन् नारायण?" आई म्हणाली, "तो काय, इथंच आहे, तार आफिसात."
इथंच आहे.
बंदरावरची ती जागा साहेबानं आधी मला देऊ केली होती. परीक्षेच्या दिवशी माझा हात अडखळला. धाकटा भाऊ उठला, तार ठोकायच्या माझ्याच कळीवर बसला आणि जागा घेऊन गेला. ती विद्या त्याला कोणी शिकवली? अकोल्याला, मोर्णेकाठच्या घरी, पितळी पेल्यावर चमचा वाजवून वाजवून मीच.
बाजारात पाय ठेवायला जागा नाही. तिकडं अमेरिकेत लढाई, इकडं कपाशी सोन्याच्या मोलाची. भातकुलीचा एक पाटील बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालून आलाय.

व. १०, बुधवार.
दुपारी काम कमी असलं की नागपूरचा तारवाला तार सरळ बंदराला जोडून देतो. मग आम्ही दोघं भाऊ इंग्रजी अक्षरांत मराठी ठोकत बसतो. आज वि. म्हणाला, वारा अगदी पडलाय आणि लाटा मात्र मोठ्या. किनाऱ्यावरचे कोळी होड्या वर ओढून राहिले.
मी विचारलं, समुद्र दिसतो कसा?
"कपाशीच्या गंजीसारखा दादा, पण सरतच नाही."
मला समुद्र ठाऊक नाही, म्हणून त्यानं मला समजेल असं सांगितलं. चांगुलपणाच तो. रागच आला. समुद्रही त्यालाच दिसायचा आणि असं सुचायचंही त्यालाच.

व. १२, शुक्रवार.
बंदरात एक जहाज लागलं. डोलकाठी मोडलेली, शिडं फाटलेली. कप्तान म्हणतो, खाली उपसागरात भयंकर तुफान आहे, त्यातून कसाबसा निसटलो. वि. नं ते तारेनं इकडं कळवलं. त्याच्या ठाण्यात काचेच्या नळीत पारा असतो, तो कालपासून उतरतोय म्हणे; उतरला की तुफान जवळ. वारा ईशान्येचा.
कापसाच्या कामावरचे आमचे साहेब स्वतः माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. माझ्या टेबलाशी, पण बातमी विष्णूची.

व. १३, शनिवार. धनत्रयोदशी.
बंदराच्या वरच्या आणि खालच्या ठाण्यांकडून वाऱ्याची खबर मागवली. वर उत्तरेला वारा पूर्वेचा, खाली दक्षिणेला वायव्येचा. साहेबांच्या खोलीत भिंतीवर नकाशा आहे. त्यावर खडूनं तिन्ही वारे काढले, तर सगळे मिळून एकाच जागेभोवती फिरून राहिलेले. तुफान तिथं, खोल पाण्यात, वि. च्या ठाण्यासमोर. बराच वेळ बघत उभा राहिलो. मीच काढलं हे, कोणी सांगितलं नव्हतं.
साहेब आले, नकाशा पाहिला. "ये तुम्हारे भाई ने भेजा?"
मी म्हणालो, वारे तीन ठाण्यांचे आहेत साहेब, जागा मी काढली.
ते नकाशाच बघत होते. "बहुत होशियार है तुम्हारा भाई."
घरी येऊन जेवलो नाही. बायकोनं, मनूनं, दोनदा विचारलं, काहून जेवत नाही. डोकं दुखतं म्हटलं.

व. १४, रविवार.
पहाटे अभ्यंग. मनू पाठीला उटणं लावता लावता म्हणते, "भावजींले तिकडं कोण लावत असंल?" माझ्या पाठीवर हात, आणि डोक्यात तो! तांब्या आपटला. तिनं तो उचलून परत भरला.
ऑफिसात गेलो तर पारा आणखी उतरलेला. वाऱ्यानं दिशा सोडली नाही, ईशान्येचाच, नुसता जोर वाढतोय. वारा फिरला असता तर तुफान बाजूनं जातंय असं म्हणता आलं असतं. फिरत नाही म्हणजे सरळ त्याच्यावरच. आणि उद्या अवस, समुद्राला उधाण. त्या मुलखात जमीन पाटासारखी सपाट, मिठागरं आणि कोळ्यांच्या झोपड्या पाण्याच्या बरोबरीला.
हे त्याला दिसत नव्हतं. त्याला आपल्या दारचा वारा तेवढा दिसतो, तिन्ही वारे माझ्या हाताशी. क्षणभर कळीवर बोट नुसतं ठेवून बसलो. हे एक तरी माझं असावं, असं वाटलं. मग ठोकलं: तुफान तुझ्यावरच येतंय. उद्या उधाण. खालची गावं उठव.
त्यानं मजकूर पुन्हा मागितला. मग, "दादा, तुला पक्कं कसं?"
सगळं समजावलं. तो म्हणाला, "जातो."
संध्याकाळी परत बोलला. गावोगाव हिंडला होता. त्याला आता तेलंगी येते. लोक हसले, ऐन सणात घर कोण सोडतं म्हणाले. शेवटी मिठागराच्या एका म्हाताऱ्या मुकादमानं ऐकलं. गाड्या जुंपल्या, पोरं-म्हाताऱ्यांना कालव्याच्या उंच बांधावर नेऊन राहिले. "माझ्या भावाने वऱ्हाडातून सांगितलं, म्हणून मी त्यांना बोललो," असं वि. म्हणाला.
त्यानं माझं नाव घेतलं. घरी येताना रस्ताभर तेच मनात. आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, पाहा विष्णूचं मन किती मोठं.

अमावास्या, सोमवार. लक्ष्मीपूजन.
आजचं आजच लिहितो.
सकाळी वि. म्हणाला, छपराची कौलं उडाली. साहेबलोक बोटीतून कालव्यानं वर गेले. त्याच्यासाठी बोटीत जागा ठेवली होती, त्यानं ती रामय्याच्या बायकोला आणि दोन लेकरांना दिली. रामय्या म्हणजे त्याच्या ठाण्यावरचा दुसरा तारवाला, तेलंगी. ठाण्यात आता ते दोघंच. उत्तरेच्या बंदरात बरीच जहाजं उभी, त्यांना घटकाघटकेची खबर द्यायची म्हणून बसलेत.
ऑफिसाबाहेर ही गर्दी. भिकमचंद शेठ नवी पगडी घालून दारात. "बाबू, मेल्या तुफानाले म्हना आमच्या गाठी सोडून दे!" लोक हसले. नव्या वाटेनं गेलेल्या त्याच्या कापसाच्या गाठी बंदरावरच्या वखारीत पडल्यात.
दुपारनंतर आई आली. ती कधी ऑफिसाची पायरी चढली नव्हती. डोईवर पदर, दाराच्या चौकटीला धरून उभी. "नारायणा, त्याले म्हन ये म्हनून."
तेवढ्यात साहेबांचा हुकूम आला, बंदरवाल्याला सांगा, होईल तितका वेळ बसून राहा.
आधी साहेबांचा हुकूम ठोकला. तो माझ्या हातून गेला. मग लगोलग आपल्या भाषेत: विष्णू, ऊठ. बांधावर जा. आई इथं उभी आहे.
मग त्याचा हात वाजला. त्याचा हात मी हजारात ओळखीन, अक्षरामागं जरासा थांबतो, लहानपणी पेल्यावर थांबायचा तसा.
"उत्तरेला अजून खबर पोचायची आहे. दादा, तू असतास तर उठला असतास का?"
मी उठलो असतो. पहिल्या बोटीत बसलो असतो, आणि वर जाऊन लोकांना सांगितलं असतं की तुफान असं होतं न् तसं होतं. हे त्याला ठाऊक नाही. तो अजून समजतो, दादा बसून राहिला असता. आजवर त्याच्या नोकरीचा हेवा केला, समुद्राचा केला, आईच्या तोंडच्या त्याच्या नावाचा केला. आज त्या पोरानं मनात जो कोणी दादा घडवून ठेवलाय, त्याचाही हेवा वाटला.
मी ठोकलं, बसलो असतो.
का ठोकलं? नाही म्हटलं असतं तर कदाचित...
आईनं विचारलं, "काय म्हनते तो?"
"निघतो म्हणतो."
ती सुटल्यासारखी घरी गेली.
दिवेलागणीच्या थोडं आधी शेवटची खबर. वारा ईशान्येचाच. समुद्र मिठागरांवरून आत. पाणी ठाण्याच्या खोलीत. "रामय्या टेबलावर, मी पण चढतो, तार वर घेतली आहे." मग उत्तरेला जायचा मजकूर, तो पुरा केला. मग काही नाही. नागपूरवाल्यानं विचारलं, तुझ्याकडं काही येतं का? नाही म्हटलं.
घरी आलो. ओसरीभर पणत्या. तुळशीपाशी एक वेगळी, मोठी. मनू हळूच म्हणाली, "ती भावजींची. आईंनी लावली." माझी कोणती, विचारलं नाही. कोणाला वाईट वाटू नये, म्हणून अनारसाही खाल्ला.

कार्तिक शु. १, मंगळवार. पाडवा.
तार मेलेली. उत्तरेकडून नागपूरमार्गे कळलं, जहाजं वेळेत नांगर उचलून खोल पाण्यात गेली, वाचली. साहेबांनी हात पुढं केला, मी तो धरला. बंदराकडून काही नाही. दर घटकेला कळ दाबून बघतो.

शु. २, बुधवार.
काही नाही. आई म्हणते, बांधावर असंल, तार तिथं कुठली असणार. कालपासून तेच म्हणते. मी हो म्हणतो.
शेठ येऊन बसला. गाठी गेल्याच म्हणतो. मग माझ्याकडं बघून पगडी काढून मांडीवर ठेवली.

शु. ५, शनिवार.
आज कळलं. वरच्या ठाण्याचा माणूस पाण्यातून चालत गेला, तिथून खबर. बंदराचं गाव राहिलं नाही. वखारी, ठाणं, काही नाही. बांधावर मात्र पुष्कळ लोक जिवंत, रविवारी गाड्या जुंपून गेले ते. ठाण्यातल्या दोघांपैकी एकजण बांधाला अडकलेल्या ओंडक्यावर सापडला. हात मोडलेला, तापात आहे, बोलत नाही. दुसरा नाही. सापडला तो कोण, हे तारेत नाही. खबर पाठवणाऱ्याला दोघांपैकी एकही ओळखीचा नसावा.
साहेबांनी बसवून घेतलं. बंदरावर नवं ठाणं लगेच उभारायचंय, जाणता माणूस पाहिजे. "जाओगे?"
वाक्य संपायच्या आत हो म्हणालो. भावाला शोधायला म्हणालो की जागेला म्हणालो, माझं मला कळलं नाही. उद्या चांद्याकडं गाडी निघते, तिथून पुढं नदीनं बंदराकडं.
घरी येऊन आईला सगळं सांगितलं. निघतो म्हणाला नव्हता, हेही. वाटलं होतं ओरडेल. ती भिंतीला टेकून बसली.
"तू त्याले ऊठ म्हनलं होतं?"
"म्हणलो होतो."
"मंग तो काय म्हने?"
"म्हणाला, दादा असता तर बसला असता."
ती माझ्याकडं बघत राहिली. इतका वेळ तिनं कधी पाहिलं नव्हतं माझ्याकडं. डोळ्यांत काय होतं, राग की आणखी काही, समजलं नाही. मनू आत माझी धोतरं घडी करत होती.
मग आईनं विचारलं, "मोडला तो हात कोणता? तार वाजवाचा तं नाही?"
तारेत तेही नव्हतं.